नाव अजून काकांचंच

आमचं दुकान ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये. आरटीओचे फॉर्म भरून देणं, ऑनलाइन अर्ज करणं, हे माझं काम. त्या शनिवारी दुपारी कळव्याच्या एक ताई आल्या. पोळीभाजीचे डबे पोचवतात. तीन वर्षांपूर्वी लोकमान्यनगरच्या एका काकांकडून त्यांनी वापरलेली स्कूटर घेतली होती. पैसे रोख दिले. आरसी बुक आणि मालकी बदलायचे सह्या केलेले फॉर्म 29 आणि 30 हातात घेतले आणि पिशवीत घालून कपाटात ठेवले. घर बदलताना ती पिशवीच गेली.

"डुप्लिकेट काढून द्या ना, मॅडम. पैसे देते."

मला त्यांना सांगावं लागलं की डुप्लिकेट आरसीचा फॉर्म 26 त्या भरूच शकत नाहीत. सरकारदरबारी गाडी अजून काकांची. अर्ज त्यांचा हवा आणि ओटीपी जाणार तोही त्यांच्याच मोबाइलवर. पोलिसांकडे आरसी गहाळ झाल्याची नोंद, मग काकांच्या नावाने डुप्लिकेट, आणि त्यानंतर नव्याने 29 च्या दोन प्रती, 30 ची एक. कायद्यात विकणाऱ्याला कळवायला 14 दिवस आणि घेणाऱ्याला 30 दिवस दिले आहेत. इथे तीन वर्षं उलटली होती.

ताईंकडे काकांचा नंबर नव्हता. एवढंच आठवत होतं की बिल्डिंगखाली पिठाची गिरणी होती. मी दुकान बंद केलं आणि त्यांच्या मागे स्कूटरवर बसले. असं मी सहसा करत नाही. पण त्या बाईचं पोट त्या गाडीवर होतं आणि बोलताना त्यांचा आवाज कापत होता.

गिरणीच्या जागी आता मोबाइलचं दुकान होतं. शेजारच्या वाण्याने जिना दाखवला.

दार काकूंनी उघडलं. ताईंना बघून त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग आत वळून म्हणाल्या, "अहो, स्कूटरवाली आली."

काका खुर्चीत बसले होते. दीड वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आलेला, उजवा हात मांडीवर निपचित. त्यांनी डाव्या हाताने टेबलावरची वही पुढे सरकवली. वहीत ई-चलनांचे मेसेज उतरवून ठेवले होते. तारीख, ठिकाण, रक्कम. हेल्मेट नाही, सिग्नल तोडला, नो पार्किंग. एकूण सात. पहिल्या चारांची नोंद वळणदार अक्षरात, पुढच्या तिघांची डाव्या हाताची, वेडीवाकडी. पहिली दोन त्यांनी पेन्शनमधून भरून टाकली होती.

"पैशाचं नाही हो," काका म्हणाले. "रात्री फोन वाजला की वाटायचं, कुणाला उडवलं तर नाही ना."

त्यांची भीती खोटी नव्हती. गाडी हातोहात विकली गेली आणि नाव मात्र पहिल्याचंच राहिलं, अशा एका अपघाताच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये ज्याचं नाव नोंदणीत त्यालाच मालक धरून भरपाईची जबाबदारी त्याच्यावर टाकली. विकणारा सही करतो आणि सुटलो म्हणतो. तो सुटलेला नसतो, हे मी दर आठवड्याला कुणाला तरी सांगते.

ताई खाली मान घालून रडत होत्या. त्यांनी कमरेचा बटवा काढला आणि काकांनी भरलेल्या दोन चलनांचे पैसे मोजून टेबलावर ठेवले. बाकीची पाच त्यांनी तिथेच फोनवरून भरली. चलनं बाकी असती तर पुढचं काम अडलंच असतं.

आता सहीचा प्रश्न होता. काकांची जुनी सही येणं शक्यच नव्हतं. मी फॉर्मवर डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला, साक्षीदार म्हणून शेजाऱ्यांची सही घेतली आणि स्पष्ट सांगितलं की आरटीओत सही जुळली नाही तर मालकाला समोर यावं लागेल. काकू काही बोलायच्या आत काका म्हणाले, "येतो. रिक्षा आणा फक्त."

चासी प्रिंट घ्यायला खाली गेले तर काकाही काठी टेकत, पायरीपायरीने आले. चासी नंबर कुठे आहे ते त्यांनीच दाखवलं. मी नंबरावर कागद धरला, काकांनी डाव्या हाताने त्याचं टोक दाबलं आणि मी पेन्सिल आडवी घासत गेले. आकडे एकेक करून पांढरे उमटले. काका ते पुटपुटत वाचत होते. सीटवरून हात फिरवून ताईंना त्यांनी विचारलं, "मागचा ब्रेक करकरतो का अजून?"

"करकरतो, काका."

"लायनर बदल. माझ्याच्याने राहूनच गेलं होतं."

काका रिक्षाने आरटीओत आले, ठसा पडताळला गेला. आधी डुप्लिकेट झाली, मग ट्रान्सफर. नाव बदलल्याचं कळलं तेव्हा मी काकांना फोन केला. उचलला काकूंनी. म्हणाल्या, झोपलेत, आता उठवत नाही.