उत्तर-दक्षिण रेषेवरच नाव का वळवळली

गोसीखुर्द धरणाच्या जलाशयात गाळाची मोजणी चालू होती. सात मीटरची फायबरची नाव, मागे आउटबोर्ड इंजिन, हायड्रॉलिक सुकाणू आणि त्याच्या पंपाला जोडलेला पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचा ऑटोपायलट, म्हणजे सुकाणू आपोआप फिरवणारं यंत्र. जीपीएसची नवी स्क्रीन आठच दिवसांपूर्वी बसवली होती. जुन्या जीपीएसची तारीख 7 एप्रिल 2019 पासून 1024 आठवडे मागे गेली होती. ठिकाण बरोबर यायचं, पण खोलीच्या प्रत्येक नोंदीवर जवळपास वीस वर्षांपूर्वीची तारीख पडायची आणि ती हाताने दुरुस्त करावी लागायची.

नवी स्क्रीन एनएमईए 2000 ही नावेवरच्या उपकरणांची नवी भाषा बोलते, जुन्या पायलटला फक्त जुनी एनएमईए 0183 कळते. म्हणून मधे गेटवे, म्हणजे दुभाषा, बसवला होता. तक्रार अशी की 'ऑटो'वर, म्हणजे नुसती दिशा धरून, नाव सरळ जाते, पण आखलेल्या रेषेवरून चालण्यासाठी 'ट्रॅक' दाबलं की अर्ध्या मिनिटात 'नो डेटा' आणि शिट्टी. पायलट काढून नवा घ्यायचं जवळपास ठरलं होतं. मी आधी पंप आणि सिलिंडर पाहिला. तेलाचा थेंब कुठे नाही, सुकाणू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न अडखळता जात होतं. एवढं धडधाकट यंत्र भंगारात जाणं मला पटेना.

सुरुवात वायरपासून. मेन स्विच बंद करून नव्या केबलच्या पांढऱ्या आणि निळ्या वायरमधला रोध मोजला. तो 60 ओहम यायला हवा, कारण केबलच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक टर्मिनेटर, म्हणजे टोक बंद करणारा रोध, असतो आणि दोन्ही समांतर धरले की निम्मे होतात. मीटरवर आले 120. म्हणजे एक टोक उघडं. शोधलं तर तिथे टर्मिनेटरऐवजी धुळीसाठीची नुसती टोपी लावलेली. केबल आखूड असली की असंही काम चालतं, पण टोकावरून सिग्नल उलटा फिरतो आणि मधेच एखादा संदेश गळतो.

तयार टर्मिनेटर जवळपास मिळण्यासारखा नव्हता. पवनीच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून 120 ओहमचा रेझिस्टर आणला: तपकिरी, लाल, तपकिरी आणि शेवटी सोनेरी पट्टा. रिकाम्या कनेक्टरमध्ये पांढऱ्या-निळ्याच्या पिनांमधे तो सोल्डर केला. मीटरवर 61 आले.

शिट्टी तरी थांबेना. मग पायलटकडे जाणाऱ्या दोन वायरींवर मीटर लावला. संदेश नसताना, निवांत अवस्थेत, यातली ए वायर बीच्या तुलनेत ऋण दिसली पाहिजे. उलट दिसली तर वायरी अदलाबदल झाल्या समजा, मग पायलटला सगळी अक्षरं उलटी ऐकू येतात. इथे ती ऋणच होती. आता लॅपटॉप जोडला, आणि घोटाळा पडद्यावर धावताना दिसला.

गेटवे सगळंच पुढे ढकलत होता: ठिकाण, वेळ, उपग्रह, खोली, पाण्याचं तापमान. नवा जीपीएस सेकंदाला दहा वेळा बोलतो. जुनी लाइन 4800 बॉडची, म्हणजे सेकंदाला 4800 बिटची, एका अक्षराला 10 बिट लागतात, म्हणजे सेकंदाला 480 अक्षरं. एक वाक्य, म्हणजे एक संदेश, 82 अक्षरांपर्यंत जाऊ शकतं, तेव्हा सेकंदाला पाच लांब वाक्यांपलीकडे काही मावत नाही. त्या गर्दीत पायलटला हवं असलेलं एपीबी वाक्य, ज्यात रेषेपासून नाव किती आणि कुठल्या बाजूला सरकली ते असतं, कधी उशिरा यायचं तर कधी तुटकं. तुटक्या वाक्याचा चेकसम, म्हणजे शेवटचा पडताळणीचा आकडा, जुळत नाही आणि पायलट ते नाकारतो. त्याचं वागणं अगदी योग्य होतं. अर्धवट आकड्यावर सुकाणू फिरवणारा पायलट मला नावेवर नको.

गेटवेच्या सेटिंगमध्ये फक्त एपीबी आणि आरएमसी (ठिकाण, वेळ, वेग) ठेवली, दोन्ही सेकंदाला एकदा. बाकी सगळं बंद. शिट्टी गेली.

वैनगंगा इथे ढोबळमानाने उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते, म्हणून मोजणीच्या मुख्य रेषा आडव्या, पूर्व-पश्चिम. सकाळी सहा रेषा मारल्या. नाव रेषेपासून दोन मीटरच्या आतच राहिली. दुपारी पडताळणीची उभी रेषा घेतली, तोंड दक्षिणेला. शंभर मीटरही गेलो नसू, नाव डावी-उजवीकडे डोलू लागली. रेषेपासून दहा मीटर इकडे, दहा मीटर तिकडे. मागे बसलेला ढिवर नावाडी म्हणाला, "भाऊ, नाव सापावानी चालून रायली."

अशा वेळी हात आधी गेनकडे, म्हणजे पायलट सुकाणू किती जोरात फिरवतो त्या सेटिंगकडे, जातो. तो 5 वरून 3 वर आणला. डोलणं संथ झालं, गेलं नाही. मग विचार केला की गेनला दिशा कळत नाही. तो चुकला असता तर सकाळच्या आडव्या रेषाही वाकड्या आल्या असत्या. दिशेनुसार बदलणारी चूक, पायलट ज्यावरून दिशा ओळखतो त्या कंपासची असते. नांगर, साखळी, पाने-पकडींची पेटी, सगळं कंपासपासून लांबच होतं.

नाव काठाला आणली. नाक दक्षिणेकडे ठेवून पुढे-मागे दोरांनी खुंटांना घट्ट बांधली. इंजिन बंद. ऑटो लावला, कंपासचा आकडा 174 अंश. मग +10, म्हणजे दहा अंश उजवीकडे, दाबलं. पंप घुरघुरला आणि बांधलेल्या, जागच्या जागी उभ्या नावेचा आकडा 183 झाला. पंप थांबला की परत 174. मग -10 दाबून पाहिलं. पंप उलटा फिरला, तरी आकडा पुन्हा 183 कडेच गेला. सगळा उलगडा इथेच झाला. दोष पंपाच्या स्वतःच्या वायरींत असता तर पंप उलटा फिरल्यावर आकडाही उलट्या बाजूला गेला असता. एकाच बाजूला जातो म्हणजे दोषी वायरीत करंट नेहमी एकाच दिशेने वाहतो. ती बॅटरीकडून येणारी. नंतर नावेचं नाक पूर्वेला वळवून तेच केलं. आकडा जेमतेम एका अंशाने हलला.

फळी उचलली. लाल वायर कंपासच्या बरोबर खालून, जेमतेम 30 सेंटिमीटरवरून, नावेच्या लांबीला धरून गेलेली. काळी तिच्यासोबत नव्हतीच. नव्या स्क्रीनसाठी निगेटिव्हची पट्टी डाव्या काठाला बसवताना काळी वायर तिकडून नेली होती. क्लॅम्प मीटरवर पंप चालताना 10 अँपिअर. एकट्या वायरीत 10 अँपिअर असले तर 30 सेंटिमीटरवर साडेसहा मायक्रोटेस्लाच्या वर क्षेत्र तयार होतं. पृथ्वीचं आडवं क्षेत्र आपल्याकडे 40 च्या आसपास. नाक उत्तर-दक्षिण असताना हे दोन्ही काटकोनात येतात आणि सुई नऊ-दहा अंश हलते. नाक पूर्व-पश्चिम असताना वायरीचं क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्याच रेषेत पडतं, दिशा बदलत नाही. बिचारा पायलट दर वेळी सुकाणू फिरवायला जायचा, तेवढ्यात नाव नऊ अंश वळली असं त्याला दिसायचं, आणि तो ती न झालेली चूक सुधारायला धावायचा.

दोन्ही वायरी काढल्या. 6 चौरस मिलिमीटरची लाल-काळी जोडी घेतली. एक टोक खुंटाला, दुसरं ड्रिलच्या चकमध्ये, आणि हळू फिरवत तीन-चार सेंटिमीटरला एक असा पीळ दिला. जाण्यायेण्याची मिळून आठ मीटर वायर, 10 अँपिअरला पाव व्होल्टच्या आतच घट, तेवढी चालते. जोडी उजव्या काठाने, कंपासपासून मीटरभर लांबून नेली आणि बॅटरीजवळ 20 अँपिअरचा फ्यूज घातला. परत +10 दाबलं. पंप घुरघुरला, आकडा 174 वरच.

तेवढ्यावर न थांबता मोकळ्या पाण्यात, जलपर्णी आणि पाण्यातून डोकावणारी वाळकी खोडं टाळून, कंपाससाठी तीन संथ चकरा मारल्या, प्रत्येक चक्कर दोन मिनिटांहून जास्त. घाईने मारलेली चक्कर हे पायलट मोजतच नाहीत. गेन पुन्हा 5 वर नेला. ऊन उतरता उतरता तीच उभी रेषा परत घेतली. स्क्रीनवर दुपारची नागमोडी खूण अजून होती, आणि तिच्या मधोमध नवी रेघ सरळ दक्षिणेकडे उतरत गेली.