पाजती लांडगीण

मराठी पर्यटकांना टस्कनी दाखवणं हे माझं काम. फ्लॉरेन्सहून पिसाला जाताना बसमध्ये तास-दीड तास हाताशी असतो. त्यात मी दान्ते सांगते, फ्लॉरेन्सचा मध्ययुगीन कवी. त्याच्याशिवाय इथली गावं कळत नाहीत, असं मला मनापासून वाटतं.

त्या दिवशी 'इन्फेर्नो'च्या, म्हणजे त्याच्या नरकयात्रेच्या काव्याच्या, पहिल्या सर्गातली तीन जनावरं सांगत होते. काळ्याकुट्ट रानात वाट चुकलेला कवी डोंगर चढू बघतो, तर आधी ठिपक्याठिपक्यांचं चपळ जनावर आडवं येतं, मग भुकेनं पिसाळलेला सिंह, मग हाडं निघालेली लांडगीण. जुने भाष्यकार त्यांत वासना, गर्व आणि हाव बघतात. काहींना त्यात फ्लॉरेन्स, फ्रान्सचं राजघराणं आणि पोपचा दरबारही दिसतो. लांडगिणीबद्दल दान्ते म्हणतो, खाल्ल्यावर तिची भूक आधीपेक्षा वाढते. "म्हणजे हाव," मी नेहमीसारखं सांगितलं.

मुलासोबत आलेले एक आबा होते, माण तालुक्यातले. उभा जन्म मेंढरांमागे गेलेला. ते म्हणाले, "हाव न्हाई ती, पोरी. पाजती असंल."

बस गप्प झाली. आबा सांगू लागले. पिल्लं असली की लांडगिणीचं पोट खपाटीला जातं, बरगड्या मोजून घ्याव्यात. लांबून खाऊन येते आणि पिल्लांपुढं ओकते. "खाल्ल्यालं तिच्या पोटात ऱ्हातंय कुठं? तिला भूक लागणारच की." वाघरीतनं, म्हणजे मेंढरांभोवतीच्या जाळीतनं, कोकरं नेलेल्या लांडग्याबद्दल बोलतानाही त्यांच्या आवाजात राग नव्हता.

पहिल्या सर्गातली लांडगीण हावच आहे. दान्तेनं तिच्यावर कित्येकांच्या दैन्याचं खापर फोडलंय. पण आबांचं ऐकताना मला तेहतिसावा सर्ग आठवला आणि मी दिवसाचा बेत बदलला. कलता मनोरा बघून झाल्यावर येतील तेवढ्यांना घेऊन पियात्सा देई कावालिएरीत गेले. दहा मिनिटांची चाल.

या चौकात घड्याळ असलेली एक इमारत आहे. तिच्यात एका जुन्या बुरुजाचे अवशेष दडलेत. त्याचं नाव होतं 'मूदा', म्हणजे शिकारी पक्ष्यांना पिसं झडायच्या दिवसांत ठेवायची जागा. 1288 मध्ये पिसाचा सत्ताधारी राहिलेल्या काउंट उगोलिनोला दोन मुलगे आणि दोन नातवांसह इथं कोंडलं, आणि 1289 च्या मार्चमध्ये ते पाचही जण उपाशी मेले. तेव्हापासून हा भुकेचा बुरूज. दान्तेच्या काव्यात चौघंही मुलगेच आहेत.

तेहतिसाव्या सर्गात उगोलिनो आपली गोष्ट सांगतो. त्याला तिथं स्वप्न पडतं. त्याचा वैरी आर्चबिशप रुज्जेरी शिकारीला निघालाय. पुढं तीन घराण्यांची माणसं, हडकुळ्या, तरबेज कुत्र्या, आणि डोंगराकडं पळणारा एक लांडगा आणि त्याची पिल्लं. थोडंच अंतर जातं आणि उगोलिनो म्हणतो, "बाप आणि मुलं" दमलेली दिसली. लांडगा आणि पिल्लं नाही. बाप आणि मुलं! सांगता सांगता रूपक त्याच्या हातून गळून पडतं. मग सुळे त्यांच्या बरगड्यांत घुसतात, त्याला जाग येते, आणि शेजारी झोपेतच रडणारी पोरं भाकरी मागत असतात.

मी हे मराठीतच, हळू आवाजात सांगत होते. खाली बुरुजाचं दार खिळ्यांनी ठोकून बंद केल्याचा आवाज त्याला वर ऐकू येतो, हे सांगितलं. दुःखानं त्यानं स्वतःचेच हात चावले, तेव्हा मुलांना वाटलं बापाला भूक लागली, आणि ती म्हणाली, बाबा, आम्हालाच खा, आम्हाला कमी दुखेल. चौथ्या दिवशी त्याचा मुलगा गाद्दो त्याच्या पायांशी कोसळला, पाचव्या-सहाव्या दिवसांत उरलेले तिघे एकेक करून गेले.

आबांनी टोपी काढून हातात धरली होती. त्यांनी चौकात नजर फिरवली, मग वर खिडक्यांकडं बघत राहिले.

"खिळं ठोकल्यालं त्याला वर ऐकू आलं म्हणतीस?"

"हो आबा."

"मग पोरांचं रडणं खाली आलंच असंल की. गाव काय करत हुतं?"