डाय दिला तेव्हा प्रेशर किती होतं?

मी भूलतज्ज्ञ. इंडोसायनिन ग्रीन, म्हणजे आयसीजी, मला एमडीच्या तोंडी परीक्षेपुरताच ठाऊक होता: यकृताचं काम तपासायचा हिरवा डाय, बस. तो कोडॅकच्या फोटोग्राफी संशोधनातून आला आणि अमेरिकेत १९५९ पासून त्याला परवानगी आहे. औषध एवढं जुनं. नवा आहे तो त्याचा प्रकाश टिपणारा कॅमेरा. त्या दिवशी तो आमच्या ओटीत डेमोसाठी आला होता.

पेशंट ६२ वर्षांचे काका, गुदाशयाचा कॅन्सर, दुर्बिणीतून ऑपरेशन. गाठीचा भाग सुटा झाला होता. जोड द्यायच्या आधी वरच्या आतड्याच्या टोकापर्यंत रक्त पोचतंय का, हे आमच्या सर्जन सरांना बघायचं होतं. डोळ्यांना तर सगळं गुलाबी दिसत होतं.

व्हायलमध्ये २५ मिलिग्रॅम पावडर. सिस्टरांचा हात सवयीने सलाईनकडे गेला, तो मी अडवला. सलाईनमध्ये ही पावडर नीट विरघळत नाही, इंजेक्शनचं पाणीच लागतं. आयोडीनची अॅलर्जी नाही ना, हे कागदावर पुन्हा पाहिलं. दहा मिलीत विरघळवून तीन मिली दिला. थोड्याच वेळात ऑक्सिमीटर ९८ वरून ९४ वर उतरला आणि आमचा रेसिडेंट दचकला. काका ठीक होते; रक्तातला डाय ऑक्सिमीटरच्या प्रकाशात लुडबुड करतो, एवढंच. मिनिटभरात आकडा परत वर आला.

मग स्क्रीनवर हिरवं उमटू लागलं. खरं तर तो प्रकाश साधारण ८३० नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा. हिरवा रंग त्याला यंत्र देतं. या पट्ट्यातला प्रकाश रक्त आणि पाणी फारसा शोषत नाहीत, म्हणून काही मिलिमीटर आतूनही तो बाहेर येतो. हिरवं सरकत आलं आणि टोकाच्या चार बोटं आधी थांबलं. पुढे काळं.

"एवढं काढावं लागणार," सर म्हणाले.

मी मॉनिटरकडे पाहिलं. ७८/४६. पोटात शरम गोळा झाली. एपिड्युरल, म्हणजे पाठीच्या कण्यापाशी नळीतून दिलेलं वेदना थांबवणारं औषध, चालू होता, त्याने प्रेशर पडलं होतं, आणि डायच्या गडबडीत मी ते सोडून दिलं होतं. डाय रक्ताबरोबरच जातो. दाबच नसेल तर टोकाला उशिरा, फिकाच पोचणार. चार बोटं जास्त कापली तर जोडावर ताण येतो, आणि ताणलेला जोड गळू शकतो.

"सर, थांबा. प्रेशर माझं कमी आहे."

एपिड्युरल बंद केला, सलाईन वाढवलं, प्रेशर वाढवणारा नॉरअॅड हळूहळू चढवला. जपूनच, कारण तोच आतड्याच्या रक्तवाहिन्या आवळू शकतो. ११२/६४ झालं. तरी पहिला डाय ओसरायला हवा होता. यकृत तो झपाट्याने काढतं, रक्तातला निम्मा तीन-चार मिनिटांत जातो, पण ऊतींत थोडा रेंगाळतो. पंधरा मिनिटं सर घड्याळाकडे आणि मी मॉनिटरकडे बघत होतो.

दुसऱ्या डोसला हिरवं बरंच पुढे आलं. दीड बोट काळं राहिलं, तेवढंच कापलं. दुसऱ्या चित्रात पहिल्या डायचं उरलंसुरलं किती मिसळलं होतं, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. तिथे मोजायला आकडा नव्हता, नजरच होती.

चहाच्या वेळी कंपनीचा माणूस नव्या डायचं सांगत होता. पॅफोलॅसिआनिन कॅन्सरच्या पेशींना चिकटतो, अमेरिकेत २०२१ मध्ये अंडाशयाच्या कॅन्सरसाठी मंजूर झाला, वगैरे. भारी आहे. आमच्या आयसीजीला कॅन्सर ओळखता येत नाही, त्याला फक्त रक्ताची वाट कळते.

काकांचा जोड टिकला. आता डायची वेळ आली की सर आधी पडद्यापलीकडून विचारतात, "मॅडम, प्रेशर?" कमी असलं तर थांबतात, पण कुरकुरत.