रंग पुसल्यावर

येशूची सुवार्ता सांगणाऱ्या आमच्या पथकाचं मूकनाट्य आज झालं, आणि रात्रीच्या आढाव्यात सगळे भरभरून बोलले. गर्दी चांगली जमली, कोणी हटकलं नाही, शेवटच्या गाण्याला लोकांनीही ठेका धरला. दादाने प्रार्थनेत प्रत्येकाचं नाव घेऊन आभार मानले. माझी पाळी आली तेव्हा मी "बरं झालं" एवढंच म्हटलं. बरं झालंच होतं. पण त्या बाईंबद्दल तोंडातून शब्द फुटला नाही, आणि आता सगळे झोपलेत तरी माझा डोळा लागत नाहीये.

मूकनाट्य संपून दादाची साक्ष, म्हणजे देवाने आपलं आयुष्य कसं बदललं ते सांगणं, सुरू झाली, तशी मी मागे जाऊन तोंडावरचा पांढरा रंग पुसला, डोळ्याखाली काजळाने काढलेला अश्रू पुसला, आणि सुवार्तेच्या पत्रिका घेऊन लोकांमध्ये आले. त्या कडेला एकट्याच उभ्या होत्या. साक्षीकडे त्यांचं लक्ष नव्हतं, कोणाला तरी शोधत होत्या. मी जवळ गेले तर मलाच विचारलं, "ती रडत होती ती मुलगी कुठं गेली? तिला काहीतरी सांगायचंय." मी म्हटलं, "मीच ती." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. मग म्हणाल्या, "नाही, असू दे." आणि गेल्या.

झालं ते इतकंच.

काय सांगायचं होतं त्यांना? आणि तिला सांगता येणार होतं ते मला का नाही? त्या मुलीचा प्रत्येक श्वास माझा आहे. ओझ्याखाली वाकते ती मी, पडते ती मी, गुडघे सोलवटतात ते माझे. तालमीत कितीदा वाटलं की मला हे जमणार नाही, दुसऱ्या कोणाला तरी द्या. आणि ज्या क्षणासाठी हे सगळं करायचं, तो क्षण समोर येऊन उभा राहिला तेव्हा माझा स्वतःचा चेहरा कमी पडला. संध्याकाळभर हेच घोळतंय. मी इतकी परकी दिसते का? इतकी कोरडी? आईचा फोनही मी घेतला नाही, पण ते जाऊ दे.

रंग पुसूनच लोकांशी बोलायचं, हा आमचा नियम आहे आणि तो मला आजही पटतो. रंगवलेल्या तोंडाने कोणाचा हात धरून प्रार्थना करायची नाही. समोर कोण आहे हे त्या माणसाला कळलं पाहिजे. पण त्या बाईंना कळलं, आणि कळल्यावरच त्या गप्प झाल्या.

प्रशिक्षणात अठराव्या शतकातले इंग्रज धर्मोपदेशक जॉर्ज व्हाइटफील्ड यांची गोष्ट हमखास सांगतात. १७३९च्या फेब्रुवारीत ब्रिस्टलजवळच्या किंग्सवूडला ते उघड्यावर उभे राहून कोळसा खाणीतल्या मजुरांना सुवार्ता सांगत होते, आणि ऐकता ऐकता त्या मजुरांच्या काळ्या पडलेल्या गालांवर आसवांचे पांढरे ओघळ उतरले. व्हाइटफील्ड यांना शाळेपासून नाटकाचं वेड, आवाजावर विलक्षण हुकमत. ही गोष्ट ऐकून आम्ही सगळेच भारावतो. आज मात्र मला त्यांच्यापेक्षा त्यांचे सहकारी जॉन वेस्ली जवळचे वाटतायत. चर्चबाहेर उपदेश करणं त्यांना आधी अशोभनीय वाटायचं. व्हाइटफील्ड यांनी बोलावून घेतलं म्हणून ते ब्रिस्टलला आले आणि २ एप्रिलला पहिल्यांदा असे उघड्यावर बोलले. व्हाइटफील्ड पुढच्या गावांना निघून गेले. जमलेल्या माणसांचं काय करायचं, हा प्रश्न वेस्लींकडे राहिला.

त्याचं उत्तर पुढे १७४२मध्ये सापडलं, आणि तेही अवचित. ब्रिस्टलमधल्या त्यांच्या सभेच्या इमारतीवर कर्ज होतं. ते फेडायला प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची असं ठरलं, आणि साधारण बारा जणांमागे एक माणूस पैसे गोळा करायला नेमला. तो दर आठवड्याला दारात जाऊ लागला. जाता जाता त्याला घरातलं कळू लागलं, कोण कसं जगतंय ते. त्यातूनच मेथडिस्टांचे, म्हणजे वेस्लींच्या अनुयायांचे, छोटे गट उभे राहिले. मोठ्या सभेत जे कोणी बोललं नसतं ते दारात एक पेनी देता देता बोललं जाई. मला हे फार खरं वाटतं.

आणि हे लिहितानाच एक गोष्ट ध्यानात येतेय. त्या बाईंनी त्या मुलीला पहिल्यापासून पाहिलं होतं. तिला वाकताना, पडताना, कोणीतरी येऊन उचलताना. मला त्यांनी पाहिलं ते फक्त पत्रिका पुढे करताना. त्यांची ओळख झाली होती ती तिच्याशी, माझ्याशी नाहीच. मग मला का म्हणून सांगावं? शिवाय ती मुलगी मुकी. ती उत्तर देणार नाही, बायबलमधलं वचन काढून दाखवणार नाही, लगेच प्रार्थना करू या म्हणणार नाही. मला कोणाला काही सांगायचं असतं तर मीही तिलाच शोधलं असतं.

रागावण्यासारखं यात काही नाही. संध्याकाळी मी रागावले होते, स्वतःवर की त्यांच्यावर कोण जाणे.

परवा आम्ही निघू. ताई इथल्याच चर्चच्या मंडळीतल्या, त्या इथेच राहणार. आत्ताच त्यांना निरोप टाकला: उंचशा बाई, हातात निळी पिशवी, आपली पत्रिका त्यांनी घेतली नाही. नुसती ओळख करून घ्या, बाकी काही विचारू नका. ताईंचं लगेच उत्तर आलं, त्याही जाग्याच होत्या: "त्या बाजूला माझं येणंजाणं असतं. बघते."

काय सांगायचं होतं, ते ताईंना कळलंच कधी, तर मला कळवू नका, हेही लिहायला हवं होतं. ते माझ्यासाठी नव्हतं. सकाळी लिहीन.