अर्ध्या जिभेची आमटी

शेवटी काढली एकदाची खालची डावी दाढ. रूट कॅनाल झालेलीच होती, पण गेले काही दिवस चावलं की कळ मस्तकात जायची. एक्सरेत मूळ उभं तडकलेलं दिसलं. डॉक्टर म्हणाले, "अशी उभी चीर गेली की दाढ वाचवता येत नाही, काकू." म्हटलं, काढा मग.

आमची सदाशिव पेठेत घरगुती मेस आहे, स्पर्धा परीक्षावाली मुलंमुली जेवायला असतात. त्यामुळे सुट्टी वगैरे प्रकार नाही. दुपारचे डबे गेले आणि मी खुर्चीत जाऊन बसले.

इंजेक्शननंतर छाती धडधडायला लागली. मला वाटलं भीतीच. तर म्हणे त्या औषधात थोडं अ‍ॅड्रिनलिन असतं, त्यानं रक्तवाहिन्या आवळतात, बधिरपणा जास्त वेळ टिकतो आणि रक्तही कमी जातं. दुखलं अजिबात नाही, नुसता दाब जाणवत होता. खालच्या दाढेला दोन मुळं, म्हणून मधोमध कापून एकेक भाग काढला. पण तो आवाज! कानातून नाही, जबड्याच्या हाडातूनच येतो. करवंटीतून खोबरं सुटताना होतो ना, कट्‌, अगदी तसा.

कापसाची घडी दाताखाली दाबून रिक्षेनं घरी आले. सूचना भरपूर होत्या, पण मुद्दा एकच: खड्ड्यात रक्ताची जी गुठळी बसते ती हलवायची नाही. म्हणून थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉनं काही ओढायचं नाही, गरम काही नको. आणि सासूबाई दारातच मिठाचं कोमट पाणी घेऊन उभ्या! तोंड मिटलेलं, त्यांना समजावणार कसं? कागदावर लिहून दिलं, "उद्यापासून." त्यांनी चष्मा लावून वाचलं, तरी रात्री लवंग घेऊन आल्याच.

खरी पंचाईत संध्याकाळी झाली. आमटी गार करून चमचाभर जिभेवर घेतली, तर उजवीकडे आंबट-गोड, डावीकडे काहीच नाही. त्या इंजेक्शननं जिभेची ती बाजूही बधिर होते, आणि चवीचे तंतू तिथल्याच नसेबरोबर जातात, त्यामुळे चवही गेलेली. इतकी वर्षं स्वयंपाक करतेय, पण अर्ध्या जिभेनं मीठ ठरवणं मला काही जमेना. मग जाऊबाईंना चाखायला लावलं. त्यांना बीपी, त्यांच्या जिभेला सगळंच खारट. मुलं काही बोलली नाहीत, मीठाची वाटी मात्र या ताटाकडून त्या ताटाकडे फिरत राहिली.

मी गार दहीभात गिळला. ह्यांनी कौतुकानं मस्तानी आणली होती, ती चमच्यानं खाल्ली.

दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, त्याही हळूच, तोंडात घोळवून नुसत्या सोडून द्यायच्या. सासूबाई खूश. गाल मात्र आदल्या दिवसापेक्षा जास्त सुजला. सूज दोन-तीन दिवस वाढते, मग उतरते. त्याच सुमारास गुठळी निघून गेली तर हाड उघडं पडतं आणि ठणका कानापर्यंत जातो म्हणे. तसं काही झालं नाही. आरशात बघितलं तर खड्ड्यात पांढरट थर. पू झाला समजून घाबरून फोन केला. ठणका किंवा ताप नाही ना विचारलं आणि म्हणाले, जखम भरताना असा थर येतो, खरवडू नका. खरवडतंय कोण, पण जीभ सारखी तिथेच जाते, तिला आवरायचं कसं?

आता त्रास फक्त दाण्याच्या कुटाचा. आमच्याकडे कूट नाही अशी भाजी नाही, कोशिंबीर नाही, आणि कण बरोब्बर त्या खड्ड्यात जाऊन बसतो. त्यामुळे सध्या माझ्यापुरती भाजी आधी बाजूला काढते, कूट नंतर.

मुलगा इम्प्लांट कर म्हणतो, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर नवा दात. हाड भरायला काही महिने लागतील, मगच ते बघू. खर्च ऐकून ह्यांचा कल ब्रिजकडे, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधारानं बसवायच्या दाताकडे आहे. मी उजवीकडून जेवतेय.