माणशी 155 लिटर

मेलबर्नला राहायला आल्यावर तीन महिन्यांनी पाण्याचं पहिलं बिल आलं. रकमेपेक्षा नजर अडकली ती खालच्या चित्रावर. तुमच्या घरात रोज किती लिटर पाणी लागलं आणि आसपासच्या घरांमध्ये किती माणसांना किती लागतं, हे शेजारी शेजारी काढून दाखवलं होतं. आम्ही दोघंच, आणि आमचा आकडा चार माणसांच्या घरापेक्षा मोठा! ना बाग, ना रोज कपडे धुणं. काही केल्या हिशेब लागेना.

बिल घेऊन शेजारच्या आजींकडे गेले. त्यांनी कागद पाहिला आणि म्हणाल्या, "आधी फ्लशची टाकी बघ." स्वयंपाकघरातून खायच्या हिरव्या रंगाची बाटली काढून दिली. टाकीत चार थेंब टाकायचे, अर्धा तास फ्लश करायचा नाही आणि मग भांड्यात बघायचं. पंधराव्या मिनिटालाच खालचं पाणी हिरवं दिसायला लागलं. आवाज नाही, ओल नाही, फरशी कोरडी ठणठणीत, आणि रात्रंदिवस पाणी वाहतंय! घरमालकाला कळवलं. प्लंबर आला, टाकीतलं झिजलेलं रबर बदललं, दहा मिनिटांत काम झालं. दुसरी युक्तीही आजींचीच. झोपताना मीटरचा आकडा लिहून ठेवायचा आणि सकाळी नळ सोडायच्या आत पुन्हा बघायचा. आकडा पुढे सरकला असेल तर कुठेतरी गळती आहे.

त्यांना हे सगळं तोंडपाठ आहे, कारण त्यांनी इथला मोठा दुष्काळ काढलाय. 1997 ते 2009, तब्बल बारा-तेरा वर्षं. 2009 च्या मध्याला शहराच्या धरणांत जेमतेम पाव साठा उरला होता. 2007 पासून कडक निर्बंध होते. हिरवळीला पाणी घालायला बंदी. गाडी घरी धुवायची तर फक्त काचा, आरसे आणि दिवे, तेही बादलीतल्या पाण्यानं. आजींच्या बाथरूममध्ये आजही एक बादली असते. गरम पाणी येईपर्यंत शॉवरमधून जे गार पाणी वाया जातं, ते तिच्यात साठतं आणि मागच्या लिंबाच्या झाडाला जातं.

पण शहरानं केलेली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट, माझ्या मते, निर्बंध नव्हे. 2008 च्या अखेरीस त्यांनी लोकांपुढे एक आकडा ठेवला: माणशी रोज 155 लिटर. 'पाणी जपून वापरा' म्हटलं की आपण सगळेच मान डोलावतो आणि नळ तसाच चालू ठेवतो. 155 म्हटल्यावर घराघरांत हिशेब सुरू झाला. आंघोळीला किती, मशीनला किती, कुठून कमी करता येईल? 2000-01 मध्ये घरगुती वापर माणशी रोज सुमारे 247 लिटर होता, तो 2010-11 मध्ये 147 च्या आसपास आला. सगळं श्रेय त्या आकड्याचं नाही, हेही खरं. जुना शॉवर नेऊन दिला की कमी पाण्याचा नवा फुकट मिळायचा. जुन्या शॉवरमधून मिनिटाला पंधरा-वीस लिटर सहज जातात, पाणी वाचवण्याच्या सरकारी मानांकनात तीन तारे मिळालेल्या शॉवरमधून फार तर नऊ. 2021 पासून तर भाड्याच्या घरात असा शॉवर देणं घरमालकाला बंधनकारक आहे. हे मला फार पटलं, कारण भाडेकरू स्वतःच्या पैशांनी नळ बदलायला जात नाही आणि वापराचं बिल घरमालक भरत नाही. दोघांच्या मध्ये पाणी वाहत राहतं.

धंद्यांनाही सूट नव्हती. वर्षाला 1 कोटी लिटरपेक्षा जास्त पाणी वापरणारे कारखाने, हॉटेलं, दवाखाने यांना आपलं पाणी कुठे जातं आणि ते कसं वाचवणार याचा लेखी आराखडा द्यावा लागे. सामान्य माणसानं बादलीत पाणी साठवायचं आणि पलीकडच्या कारखान्याला कुणी विचारायचंच नाही, असं असतं तर आजींनी ती बादली केव्हाच उचलून ठेवली असती. हे त्यांनीच मला सांगितलं, तेही बऱ्याच ठसक्यात.

दुष्काळ सरला, समुद्राचं पाणी गोड करणारा मोठा प्रकल्पही 2012 मध्ये पुरा झाला, तरी काही नियम कायमचे राहिले. बागेच्या नळीला दाबली तरच पाणी सोडणारी तोटी हवी, आणि फवारे सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतरच चालवायचे. शहराचं लक्ष्य आता 150 लिटर आहे.

टाकी दुरुस्त झाल्यानंतरचं बिल गेल्या आठवड्यात आलं. आम्ही माणशी 148 वर आलो. मी धावत जाऊन आजींना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट वाचलं, "छान" म्हणाल्या आणि फ्रिजवर चिकटवलेलं स्वतःचं बिल माझ्यापुढे धरलं. त्यावर 92 होते.