पद्मिनीचं इंजिन पुन्हा खोललं: वाल्व पिस्टनला लागत होते

मागच्या वेळी लिहिलं तेव्हा माझ्या प्रीमियर पद्मिनी गाडीचं इंजिन नुकतंच सुरू झालं होतं. बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन, नव्या रिंगा, हेडचं फेसिंग (खालची बाजू घासून सपाट करणं), वाल्व ग्राइंडिंग, नवी टायमिंग चेन, सगळं झालं होतं. पहिल्या सेल्फला गाडी लागली आणि आयडलिंगला घड्याळासारखी चालत होती. पण चौथ्या दिवशी रिकाम्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये जरा ओढून घेतली आणि टकटक सुरू झाली. एका ठरावीक वेगाच्या वरच यायची, पाय काढला की बंद.

जो भेटला तो म्हणाला, टॅपेट वाजतंय, म्हणजे वाल्व दाबणाऱ्या भागांतली फट वाढलीय. मलाही आधी तेच वाटलं. टॅपेटचा आवाज क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा येतो आणि वाल्व पिस्टनला लागला तरी दोन फेऱ्यांत एकदाच, त्यामुळे नुसत्या कानावर विसंबून चालत नाही. मी आवाज येईल एवढ्या वेगावर इंजिन धरून ठेवायला सांगितलं आणि रॉकर कव्हर काढून एकेका टॅपेटच्या फटीत फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवत गेलो. ढिलं टॅपेट असतं तर गेजची पट्टी आत जाताच तो आवाज दबला असता. आठही झाले, फरक शून्य. मग एकेक प्लगची वायर काढून पाहिली. बिगेंडचा (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या बेअरिंगचा) ठोका असेल तर त्या सिलिंडरची वायर काढल्यावर तो हलका होतो. तेही झालं नाही.

कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजलं. एक, दोन आणि चारमध्ये 115 पीएसआयच्या आसपास, तीनमध्ये 80. तीनमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा घेतलं तरी काटा हलला नाही, म्हणजे रिंगा ठीक, वाल्व बसत नाही. बाकीच्या तिघांचंही ताज्या बोअरच्या मानानं कमीच होतं, पण त्याकडे त्या दिवशी लक्ष गेलं नाही.

प्लगच्या भोकातून मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा सोडला आणि सगळं दिसलं. पिस्टनच्या डोक्यावर कार्बनचा पातळ काळा थर आणि त्यात नखाच्या चंद्रकोरीसारखी चकचकीत रेघ. चारही पिस्टनवर, आणि चारही ठिकाणी फक्त एक्झॉस्टच्या, म्हणजे जळलेला वायू बाहेर सोडणाऱ्या वाल्वच्या बाजूला.

इथे मी हेड लगेच काढलं नाही, कारण खुणा कुठे आहेत यातच बरंच उत्तर असतं. एकाच सिलिंडरला खूण असेल तर वाकलेला वाल्व, गाइडमध्ये अडकणारा वाल्व, चुकीचा पिस्टन असं काहीतरी त्या एका ठिकाणचं असतं. सगळीकडे असेल तर दोष सगळ्यांना सारखा लागू होणाऱ्या गोष्टीत, म्हणजे हेडची उंची किंवा टायमिंग (पिस्टनच्या मानानं वाल्व कधी उघडतो-मिटतो ते). आणि फक्त एक्झॉस्टला असेल तर कॅम (वाल्व उघडणारा दांडा) क्रँकच्या मागे आहे का ते आधी बघा. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी पिस्टन वर येत असतो आणि वाल्व त्याच्यापुढे मिटत असतो. कॅम मागे राहिला की वाल्व उशिरा मिटतो आणि पिस्टन त्याला गाठतो. कॅम पुढे असेल तर इनलेट (मिश्रण आत घेणारा वाल्व) लवकर उघडून लागतो.

हे तपासायला चेनचं कव्हरही काढावं लागत नाही. एक नंबरचा पिस्टन फायरिंगच्या टीडीसीवर (सगळ्यात वरच्या टोकाला) आणला की चार नंबर एक्झॉस्ट संपून इनलेट सुरू होण्याच्या टप्प्यावर असतो. साध्या स्टॉक (कंपनीच्या मूळ) कॅमला तिथे दोन्ही वाल्व थोडेसे, जवळपास सारखेच उघडे दिसायला हवेत. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारा काटा) लावला तर एक्झॉस्ट चांगला उघडा आणि इनलेट हललेलासुद्धा नाही. क्रँकच्या स्प्रॉकेटला (चेनच्या दातेरी चाकाला) 20 दात धरले तर एक दात म्हणजे क्रँकचे 18 अंश. कव्हर काढलं, क्रँक दोन पूर्ण फेऱ्या फिरवली, स्प्रॉकेटवरच्या टायमिंगच्या खुणा एका दातानं चुकल्या. चेन चढवताना तिची ओढाची (ताण येणारी) बाजू ढिली राहिली होती. खुणा जुळल्यासारख्या दिसल्या आणि मी फिरवून पुन्हा पाहिलं नाही. कॉम्प्रेशन कमी का, तेही इथेच कळलं: इनलेट उशिरा मिटत होता.

पण मला ते पटेना. हे इंजिन मूळचं फियाटचं, 1937 च्या 508 सी मधलं, 68 मिमी बोअर, 75 मिमी स्ट्रोक, 1089 सीसी. कमी कॉम्प्रेशनचं, सोशिक इंजिन. एका दातानं ते पिस्टनला वाल्व मारून घेईल?

हेड उतरवलं. मिस्त्री काकांकडे भंगारातलं एक न घासलेलं हेड होतं, ते शेजारी ठेवून व्हर्नियर लावला. माझ्या हेडची उंची 1.4 मिमी कमी भरली. फेसिंगला देताना ‘थोडंसंच घेतलंय’ एवढंच सांगितलं गेलं होतं, आणि हेड आधीच्या मालकाकडेही घासलं गेलं असणार. पुशरॉडच्या इंजिनात कॅम खाली ब्लॉकमध्ये असतो आणि लांब दांड्यांनी (पुशरॉडनी) वरचे वाल्व हलवतो, म्हणून हेड घासल्यानं टायमिंग हलत नाही (ओव्हरहेड कॅमला हलतं). टॅपेट पुन्हा सेट केलं की वरून सगळं ठीक दिसतं, वाल्व मात्र पिस्टनच्या तेवढा जवळ आलेला असतो.

मग मातीची परीक्षा. मुलांची खेळायची माती पिस्टनवर थापली, वाल्वना तेलाचं बोट लावलं, जुनं गॅस्केट घालून हेड टाइट केलं आणि हातानं दोन फेऱ्या. ब्लेडनं माती उभी कापली. एक्झॉस्टखाली 0.3 मिमी, मागून उजेड दिसेल इतकी पातळ. हातानं फिरवताना म्हणूनच काही लागत नव्हतं. वेगात वाल्व उशिरा बसायचा, स्टेम तापून लांबायचा, चेन ताणली जायची आणि ते 0.3 संपायचं. टायमिंग दुरुस्त करून तीच परीक्षा पुन्हा केली, 1.6 मिमी आले. एक्झॉस्टला अडीच आणि इनलेटला दोन मिमी हा इंजिन बांधणाऱ्यांचा नेहमीचा आडाखा आहे. स्टॉक कॅमवर 1.6 चालेलही, पण मला तेवढ्यावर गाडी घाटात न्यायची नाही.

पुशरॉड आठही काचेवर लोळवले. सात सरळ गेले, तीन नंबरच्या एक्झॉस्टचा डुगडुगला, त्याच्या आणि काचेच्या मधून उजेडाची फट दिसत होती. त्याच्या वाल्वला ड्रिल मशीनमध्ये धरून गेज लावला: 0.15 मिमी वाकडा. दोन्ही बदलतोय, गाइडही (वाल्वची दांडी ज्यातून सरकते ती नळी) नवा. पिस्टनवरच्या खुणांच्या कडा बारीक पॉलिश पेपरनं मोडल्या, तडा कुठे नाही.

गॅस्केट तांब्याचं, 1.2 मिमी जास्त जाडीचं कापून घ्यायला दिलंय. ते आलं की माती पुन्हा लावणार, चारही सिलिंडरला, आणि आकडे इथे टाकतो.